साथीच्या काळातली गोधडी : शिवायची कशी आणि द्यायची कशी

विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की गोधडीवर व्याख्यान कशाला, ती तर आमच्या आजीलाही येते. बरोबर आहे. आजीला येते, आणि अडचण तिथंच आहे. २०२० साली साथ आली तेव्हा ज्यांना गोधडी खरोखर चांगली शिवता येत होती त्या बहुतेक साठीच्या पुढच्या होत्या. आणि ज्यांना आजारापासून सगळ्यात जास्त जपायला हवं होतं, त्याही त्याच.

आम्ही आज बोलतोय ते काटेवाडीतून. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की लागणारं गाव. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरच्या मुक्कामाला जाताना वाटेत इथं विसावते. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, की परीट समाजाची मंडळी पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ही पायघड्यांची गोष्ट आत्ता फक्त लक्षात ठेवा. परिटांकडं आपल्याला पुन्हा यायचं आहे.

आधी गोधडी कशी होते ते पाहू, कारण श्रोत्यांमध्ये शहरातली मंडळीही आहेत. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, लहान मुलाची असेल तर दुपटं म्हणा. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, मधे फाटक्या धोतरांचे, चादरींचे तुकडे भरायचे, वरून धडसं लुगडं घालायचं. चारी बाजूंनी ताणून कच्चे टाके मारायचे. मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. मोठी गोधडी जमिनीवर पसरलेली असते, ती मांडीवर मावत नाही. म्हणून चार बाजूंना चार बायका बसतात. एकटीला जे काम पंधरा दिवस पुरतं, ते चौघी तीन-चार दुपारींत उरकतात. सासरचं, माहेरचं, सगळं त्या दुपारींत बोलून होतं. कामापेक्षा बोलणं जास्त, असंही कुणी म्हणेल. पण ती बैठक असल्याशिवाय इतकं कंटाळवाणं काम कुणी केलं नसतं.

आता साथीच्या डोळ्यांनी हेच दृश्य पाहा. चार-सहा बायका, एकमेकींपासून हातभर अंतरावर, वाकून, तोंडं एकमेकींकडं, दोन-तीन तास बोलतायत, मधेच एखादी ओवी म्हणतेय, आणि ऊन लागू नये म्हणून दार लोटून घेतलंय. कोरोनाच्या विषाणूला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

हे आम्हाला आज समजतं, तेव्हा समजलं नव्हतं. म्हणून आमचीच चूक आधी सांगतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही काही जणींनी ठरवलं, की गरजूंना गोधड्या द्यायच्या. पहिली लाट ओसरली होती, सगळ्यांना वाटत होतं गेलं ते. तरी आम्ही काळजी घेतली, निदान तसं आम्हाला वाटलं. गोळा केलेली लुगडी प्लास्टिकच्या पोत्यांत बांधून तीन दिवस ठेवली. मग धुतली. मग इस्त्री केली. कात्र्या सॅनिटायझरनं पुसल्या. आणि एवढं सगळं करून सातजणी एका बंद खोलीत, पंखा लावून, रोज दुपारी शिवायला बसलो. मास्क होते, पण हनुवटीवर. आठवड्याभरात चौघींना ताप आला. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, ज्यांच्याकडून बाकीच्या शिकत होतो, त्या अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या, पण नंतर मांडी घालून शिवायला बसणं त्यांना कधी जमलं नाही. लागण त्याच खोलीत झाली हे सिद्ध करता येणार नाही. पण आम्हाला स्वतःला त्याबद्दल शंका नाही.

म्हणजे कापडाचा बंदोबस्त केला आणि माणसांचा विसरलो. असं का झालं? आम्हाला वाटतं, त्याचं कारण आपल्याकडच्या जुन्या आठवणीत आहे.

प्लेग मुंबईत आला १८९६ मध्ये, आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात. साथीच्या रोगांचा जो कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा ऐकला, तो त्याच १८९७ सालचा. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरांत शिरायचे, सामान बाहेर काढायचे, अंथरूण-पांघरूण जाळायचे. त्या जुलमाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच. पण एक बाजू फारशी सांगितली जात नाही. कापडाची भीती अगदीच खोटी नव्हती. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळं, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये, त्या वेळच्या आपल्याच देशात, कराचीत प्रयोग करून दाखवलं. पिसू कुठं बसणार? घड्या घातलेल्या वाकळेत, धान्याच्या पोत्यात. घर सोडून माळावर झोपड्या घालून राहणारी माणसं आपली वाकळ बरोबर नेत, तेव्हा कधी कधी पिसवाही बरोबर जात असणार. देवीचंही तसंच. देवीच्या खपल्या कापडात अडकल्या की विषाणू त्यात बरेच दिवस टिकायचा. १७६३ मध्ये अमेरिकेत फोर्ट पिट इथं इंग्रजांनी देवीच्या दवाखान्यातली दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल तिथल्या मूळ रहिवाशांना मुद्दाम भेट दिल्याची नोंद आहे. पांघरुणाचं दान असंही वापरलं गेलंय.

तेव्हा ‘आजाऱ्याचं कापड जाळा’ हे शहाणपण कुठून तरी आलेलं होतं. पण प्रत्येक रोगाचा प्रवास वेगळा असतो. प्लेगसाठी बरोबर असलेली काळजी कोरोनाला लावली, तर श्रम सगळे चुकीच्या जागी जातात.

कोरोनाचं काय? हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२० च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट मायक्रोब’मध्ये मोजमाप छापलं. सुमारे २२ अंश तापमानाला कापडावर मुद्दाम विषाणू टाकला, तर दुसऱ्या दिवशी जिवंत विषाणू मिळाला नाही. गुळगुळीत वस्तूंवर तो जास्त टिकला. लक्षात घ्या, हे प्रयोगशाळेत, भरपूर विषाणू टाकून केलेलं. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढं जातो, तिथं उन्हात टाकलेल्या लुगड्याचा प्रश्नच उरत नाही. पुढं एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं सांगितलं, की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. लागण होते ती श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून. आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मे २०२१ मध्ये खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा असं पत्रक काढलं. आमची बैठक त्याआधीच होऊन गेली होती.

आणि ओव्यांचं म्हणाल, तर एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नावाच्या भागात १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तास. ६१ जण हजर होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. हस्तांदोलन कुणी केलं नव्हतं. गाताना आणि मोठ्यानं बोलताना तोंडातून सूक्ष्म थेंब कितीतरी जास्त बाहेर पडतात. आमच्याकडं कुणाला गोड आवाज असला की तिला मधे बसवायची पद्धत आहे. तेव्हा हसू नका, पण साथीत गाणारीला अंगणाच्या कडेला बसवावं लागतं.

आता जरा अवघड भागाकडं येऊ. दुसऱ्या लाटेनंतर आमच्याकडं लुगडी यायला लागली ती वेगळीच. गेलेल्या बायकांची. मुलगा दारात उभा राहायचा, हातात पिशवी, म्हणायचा, आईची आहेत, जाळायला मन होत नाही आणि घरात ठेवायला बायको घाबरते, तुम्ही काहीतरी करा. कितीतरी घरांत ही कापडं खरोखर जाळली गेली. दहाव्या दिवशी नव्हे, लगेच. अंत्यदर्शन मिळालं नव्हतं, आणि जे हातात उरलं होतं तेही गेलं. आम्ही इथं स्पष्ट सांगतो, कारण ही भीती अजून काही घरांत आहे. कोरोनानं गेलेल्या माणसाच्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यात काहीही नसतं. शेवटच्या दिवसांत अंगावर होतं तेही दवाखान्यातून परत आलं असेल तर साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून निर्धास्त वापरा. साबण विषाणूभोवतीचं तेलकट आवरणच फोडतो. त्या लुगड्याची गोधडी करा आणि नातवंडांना पांघरायला द्या.

परदेशातला एक दाखला इथं जुळतो. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीतली रजई अंथरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्यांत गेलेल्यांचे शर्ट, जीन्स, टोप्या शिवल्या होत्या. हे केव्हा? जेव्हा एड्सच्या रुग्णाला हात लावायलाही लोक तयार नव्हते. एड्स कापडातून पसरत नाही हे ती रजई न बोलता सांगत होती. आणि २०२० मध्ये त्याच रजईची देखभाल करणाऱ्या मंडळींनी शिल्लक कापडातून मास्क शिवले.

बरं. मग शिवायचं कसं? आम्ही आजारातून उठल्यावर पद्धत बदलली, आणि ती एका साध्या हिशोबातून निघाली. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी दोन मीटरच्या थोडी वर. पन्हा असतो मीटरपेक्षा थोडा जास्त. म्हणजे एकाच लुगड्याच्या, एकही जोड न देता, चार थरांची गोधडी होते, एका माणसाला पुरेशी. सहावारी असेल तर तीन घड्या, लांबी एक मीटर ऐंशीच्या आसपास, तीन थर. ही गोधडी मांडीवर मावते. चार बायकांची गरजच राहत नाही. एका घरातलं लुगडं, एकीनं शिवलेलं, एकानं पांघरायचं. दिसायला जुन्या वाकळेसारखी नक्षीदार नाही, हे कबूल. ठिगळांची कला यात मारली जाते आणि आमच्यातल्या काहींना ते आवडलंही नाही. पण साथीत हीच बरी.

कापड घेताना ज्याचं त्यानं घरीच धुऊन द्यायचं, एवढं पुरतं. कुणाच्या मनाला बरं वाटत असेल तर दोन दिवस बाजूला ठेवा. सॅनिटायझर फवारत बसू नका, पैसे जातात आणि कापडावर डाग पडतात. एप्रिल २०२० मध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्न लावला होता तेव्हा किराणा घरपोच यायचा. आम्ही तेच कापडाला लावलं. एक जण पिशवी दारात ठेवणार, त्यात लुगडं, दोऱ्याचं रीळ, सुई, अंगुस्तान. शिवून झालं की पिशवी परत दारात. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमुळं आमच्या भागात मशीनवर बसलेल्या मुली बऱ्याच आहेत. त्या घरच्या मशीनवर कडेचा गोट मारून देतात. मधला धावदोरा मात्र हातानंच बरा.

कात्रण मिळालं तर? जपून. तयार कपड्यांच्या कात्रणात पॉलिस्टर मिसळलेलं असतं. ते घाम शोषत नाही आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. दानाच्या गोधडीला सुतीच हवं.

आता एक सवय सांगतो जी कुणाच्या लक्षातच येत नाही. सुईत दोरा ओवताना आपण काय करतो? दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करतो. आणि टाका संपला की दोरा दातानं तोडतो. एका गोधडीत हे शंभर वेळा होतं. बाकी सगळं स्वच्छ, आणि प्रत्येक गाठीला थुंकी. कोरोना त्यातून लागेल का? फारसा नाही. पण लहान बाळाला किंवा अशक्त माणसाला द्यायच्या वस्तूवर ती नको. ओवायची तार दहा रुपयांच्या आतबाहेर मिळते, म्हाताऱ्या डोळ्यांनाही सोयीची. कात्री प्रत्येकीची वेगळी. सुई तर कधीच वाटून घ्यायची नाही, साथ असो नसो, कारण टोचलेल्या सुईवर रक्त असतं आणि रक्तातून कावीळ जाते, हेपेटायटिस बी.

एकत्र बसायचंच असेल, आणि माणसाला बसावंसं वाटतंच, तर लिंबाखाली बसा. चार-पाच जणींपेक्षा जास्त नको, दोन हातांचं अंतर, मास्क नाकावर, प्रत्येकीचं काम आपापल्या मांडीवर. ज्या वडीलधाऱ्या आहेत त्यांना सगळ्यात वाऱ्याच्या बाजूला. खरं तर त्या वेळी त्यांनी घरीच बसावं. आम्ही फोनवर व्हिडिओ लावून द्यायचो, मोबाइल डब्याला टेकवून. त्या तिकडून ओरडायच्या, टाका लांब पडतोय गं, उसव! शिकवणं अशानंही होतं. गप्पा तेवढ्या रंगत नाहीत.

शिवणं झालं. आता देणं. लोक यावर विचारच करत नाहीत, आणि दान फसतं ते इथं.

आमचा पहिला गठ्ठा एका कोविड केंद्रात दिला. हार नाही, फोटो नाही, नुसता दिला. पंधरा दिवसांनी कळलं की गोधड्या दोरीसुद्धा न सोडता कोपऱ्यात पडल्यात. राग आला. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्यांचं चुकलं नव्हतं. एक रुग्ण गेला, दुसरा त्याच खाटेवर आला, तर मधे ती गोधडी कोण धुणार? आमच्या त्या गोधड्या जुन्या पद्धतीच्या होत्या, सात-आठ थरांच्या, आत चिंध्या भरलेल्या. ओली झाली की दोघींना उचलत नाही, पिळता येत नाही, पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही, आणि ओलसर राहिली की बुरशी धरते. वॉर्डात वापरायचं कापड धुता आलंच पाहिजे. जे धुता येत नाही ते तिथं ओझं होतं.

आणि इथं परीट येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं आजाऱ्याची कापडं धुवायची जी रीत सांगितली, ती वाचून आमच्याकडचे एक म्हातारे परीट म्हणाले, यात नवीन काय लिहिलंय? मशीन असेल तर ६० ते ९० अंशांच्या पाण्यात साबण घालून. नसेल तर मोठ्या पिंपात गरम पाणी आणि साबण, काठीनं ढवळायचं, शिंतोडे उडू द्यायचे नाहीत. पाणी गरम करायची सोय नसेल तर धुतल्यावर ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचं, मग स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात. भट्टी लावणं, कपडा झोडणं, उन्हात पसरणं, हीच ती विद्या. फरक क्लोरीनचा. बाजारात हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचं मिळालं, तर एक भाग औषध आणि नव्व्याण्णव भाग पाणी. रंग जातो, हे आधीच सांगून ठेवा. आणि त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

गाडगेबाबा परीट समाजातलेच. १८७६ चा जन्म, शेणगावचा. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत दवाखान्यात आलेल्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. अंगावर गोधडी घेणारा हा माणूस गावात गेला की आधी झाडायला लागायचा. दान आणि स्वच्छता त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हती.

म्हणून आता आम्ही गोधडी करतो ती तीन किंवा चार थरांची, आत अखंड कापड, चिंधी नाही. टाक्यांच्या ओळी दोन बोटांपेक्षा लांब नाहीत, नाहीतर धुताना आतला थर गोळा होतो. जर, टिकल्या, हुक काढून टाकायचे. देण्याआधी एकदा पूर्ण धुवायची, म्हणजे आटायची ती आटते, रंग जायचा तो जातो. एक जाड देण्यापेक्षा दोन पातळ द्या. एक अंगावर, एक दोरीवर.

आणि वॉर्डात देत नाही. माणसाला देतो. एक गोधडी, एक माणूस, त्याचीच. दवाखान्यातून घरी निघालेल्याला, घरात वेगळं ठेवलेल्याला, बाळंतिणीला.

सगळ्यात जास्त उपयोग कुठं झाला म्हणाल, तर कोप्यांमध्ये. आमच्या भागात भवानीनगरचा छत्रपती कारखाना आहे, माळेगाव आहे, सोमेश्वर आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या, खाली ओली जमीन, पहाटे तीन-चारला कोयता घेऊन फडात. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा या टोळ्या कारखान्यांच्या परिसरातच अडकल्या. एप्रिलमध्ये तपासणी करून गावी सोडायची परवानगी मिळाली. गावी गेल्यावर पुन्हा अलगीकरण. या सगळ्यात लेकरं कशात झोपली असतील, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचला. कोपीत कोरोनापेक्षा रोजचा त्रास खरजेचा आणि ढेकणांचा. खरूज एकाच अंथरुणात झोपण्यानं पसरते, आणि तिथं कापडाची काळजी खरोखर लागते. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून लांब दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून कापड गरम पाण्यात धुवायचं, किंवा आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचं. आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर नुसत्या धुण्याचा उपयोग नाही. कोरोनासाठी आम्ही वेड्यासारखी बांधून ठेवलेली पोती खरं तर या रोगाच्या कामाची होती.

काही प्रश्न आलेत, त्यातले दोन घेतो.

एक ताई विचारतायत, सासूबाई पंचाहत्तरच्या आहेत, पुन्हा साथ आली तर त्यांना शिवण्यापासून थांबवायचं का? ताई, शिवण्यापासून कशाला थांबवता? त्यांना पिशवी घरी आणून द्या. लसीचे डोस झालेत का पाहा. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, ते नाही जमलं तर मास्क लावून खिडकी उघडी ठेवा. हातातली सुई काढून घेतलीत तर त्या दुसऱ्या कारणानं आजारी पडतील.

दुसरा प्रश्न, वडिलांचं धोतर आहे, त्याची गोधडी होईल का? होईल, आणि फार चांगली होईल. धोतर मऊ असतं, पण विरलेलं असतं, म्हणून ते आतल्या थराला घ्या आणि वरखाली धडसं कापड. बसायच्या जागी जिथं विरलंय तिथं हात फिरवून बघा, उजेडासमोर धरा. बोट आरपार दिसत असेल तर तेवढा भाग दुहेरी करा आणि टाके जवळ घ्या.